उजव्या किडनीचा दुखवटा

आमच्या अशांती जमातीच्या माणसाइतका दानशूर माणूस पृथ्वीच्या पाठीवर सापडणार नाही. हे मी कुमासी शहरात साठ वर्षं काढून, पूर्ण शुद्धीत आणि कुणाचाही दबाव नसताना लिहितो आहे. तो तुम्हाला अंगावरचा शर्ट देईल, ताटातला अर्धा फुफू देईल, भाच्याला शिकायला तुमच्या घरी आणून ठेवेल आणि परत न्यायचं विसरूनही जाईल. फक्त त्याच्याकडे रक्त मागू नये. रक्त मागितलं की त्याला एकदम आठवतं, आपल्याला कुठेतरी जायचं होतं.

माझ्या धाकट्या बहिणीचं नाव पोकुआ. तिचे यजमान दार्को मास्तर. सुआमे मॅगझिनमध्ये, म्हणजे जिथे अख्ख्या देशाच्या मोडक्या गाड्या येऊन पडतात तिथे, त्यांचं गॅरेज आहे. इंजिन खोलणाऱ्याला तिथे मास्तर म्हणतात. चाळीस वर्षांत दार्को मास्तरांनी जेवढी इंजिनं खोलली, त्यांतली बरीचशी पुन्हा चालूही झाली. मी त्यांना दाजी म्हणतो.

गेल्या वर्षी दाजींच्या लघवीतून रक्त जायला लागलं. त्यांनी ते तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. बारीक गळती आपोआप बसते, असा त्यांचा धंद्यातला अनुभव. चौथ्या आठवड्यात पोकुआला कळलं आणि तिने त्यांना जवळपास कानाला धरून मोठ्या इस्पितळात नेलं. फोटो काढायच्या त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये दाजी गेले, बाहेर आले, आणि आम्ही तिघे डॉक्टर सेरवांसमोर बसलो.

डॉक्टर सेरवा चाळिशीच्या, ठेंगण्या, आणि आवाज असा की सांगतील ते माणूस बसल्या जागी मान्य करतो. त्यांनी फिल्म दिव्यावर लावली.

"मास्तर, ही तुमची उजवी किडनी. ही तिच्यातली गाठ. कॅन्सरची आहे. आणि ती किडनीत थांबलेली नाही. किडनीच्या शिरेतून बाहेर पडून पोटातल्या सगळ्यात मोठ्या शिरेत शिरलीय, आणि तिथून वर चढत चढत, यकृताच्या मागून, पार हृदयाच्या दारापर्यंत गेलीय. हे तिचं शेपूट."

पोकुआने माझा हात घट्ट धरला. दाजींनी चष्मा वर केला.

"शेपूट पाइपाला चिकटलंय, की नुसतं लोंबतंय?"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "लोंबतंय असं दिसतंय. ते आपलं नशीब."

"मग ओढून काढा."

"ओढताना तुकडा सुटला तर फुप्फुसात जाऊन बसेल. तुम्ही टेबलावरच जाल."

"म्हणजे आधी वरून बंद करायचं आणि मग खोलायचं."

"बरोबर."

"आणि पंप?"

"हृदय? ते थांबवावं लागेल. अंग बर्फासारखं थंड करायचं, रक्त बाहेरच्या मशीनमधून फिरवायचं, आणि ऐन शेपूट काढताना ते मशीनही बंद ठेवायचं. वीस-पंचवीस मिनिटं. मग शीर शिवायची आणि सगळं पुन्हा चालू."

दाजी बायकोकडे वळले. "बाई काम जाणतात," ते म्हणाले.

मग डॉक्टरांनी उरलेलं सांगितलं. ते हृदयाचं मशीन आणि त्याची माणसं राजधानीतून, आक्राहून येणार होती, फक्त एका आठवड्यासाठी. दाजींचा नंबर पुढच्या बुधवारी. त्यासाठी बारा पिशव्या रक्त लागणार होतं आणि रक्तपेढीत होत्या दोन.

"कुठल्याही गटाचे दाते आणा, आम्ही बदलून देऊ. पण मंगळवारी दुपारपर्यंत बारा भरल्या नाहीत तर बुधवारी मी दुसरा पेशंट घेईन. मशीन परत कधी येईल ते मला माहीत नाही. आणि शेपूट काही वाट बघत बसणार नाही, मास्तर."

म्हणजे दहा माणसं हवी होती. दाजींच्या फोनमध्ये सहाशे नंबर होते. आम्ही हसत हसत घरी आलो.

दोन दिवस आम्ही फोन करत होतो. दाजींच्या मित्रांनी प्रार्थना पाठवल्या. एका चर्चने उपास ठेवला. कुणी म्हणालं, रक्त दिलं की पुरुषाची ताकद जाते. कुणी म्हणालं, द्यायला काही नाही हो, पण माझं जरा पातळ आहे. एका जुन्या गिऱ्हाइकाने रक्ताऐवजी अख्खी बकरी पाठवली. प्रत्यक्षात इस्पितळात पोचले दोन भाचे. त्यांतला एक सुई बघून बाकावरून घसरला आणि त्यालाच सलाइन लावावी लागली. हिशेब असा की गुरुवारपर्यंत आमच्याकडे एक पिशवी जमा झाली होती आणि एक बकरी.

गुरुवारी दुपारी दाजींच्या कुळाचे प्रमुख आले. नाना बादू. वय ऐंशीच्या पुढे, देह भारदस्त, आणि बोलण्याची पद्धत अशी की वाक्य सुरू झालं की माणसाने पाय पसरून बसावं. कुळातलं जन्म, मृत्यू, भांडण, सगळं त्यांच्या हातून जातं. त्यांतही मृत्यू हा त्यांचा खास प्रांत.

दाजी खुर्चीत वाकून बसले होते. "नाना," ते म्हणाले, "एक खरं सांगा. मी मेलो तर किती लोक येतील?"

"सातशे," नाना म्हणाले. विचार करायलाही थांबले नाहीत. "खुर्च्या आठशे सांगाव्या लागतील. सुआमेची माणसं बसताना फैलावून बसतात."

"तुम्ही मोजून ठेवलंत?"

"मंडपवाला भेटला होता मागे. सहज विषय निघाला."

पोकुआ म्हणाली, "नाना, अहो ते समोर बसलेत."

"म्हणूनच सांगतोय. मागाहून त्याला कळलं नसतं."

दाजींनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "मला जिवंत ठेवायला दहा येत नाहीत आणि पुरायला सातशे येतात. मग त्यांना आधीच बोलवा की."

"जिवंत माणसाचा दुखवटा होत नाही," नाना म्हणाले. "कुळाला दंड बसेल. मेंढी द्यावी लागेल."

"माझा नको. किडनीचा करा. ती तर बुधवारी जातेच आहे."

 मी हसायला तोंड उघडलं होतं, पण नानांचा चेहरा पाहून मिटलं. नाना खरोखर विचार करत होते.

"जे गेलं आणि परत येणार नाही, ते गेलं," ते सावकाश म्हणाले. "यात शंका नाही. माझ्या मामाचा पाय कापला होता, तो आम्ही रीतसर पुरला. दुखवटा मात्र केला नाही."

"का?"

"मामा भांडकुदळ होता. कोण आलं असतं."

"पण नाना, किडनी अजून गेली नाहीये," मी म्हटलं.

नाना माझ्याकडे वळले. मी पोकुआचा भाऊ, म्हणजे त्यांच्या कुळातला नव्हे. कुळाच्या कायद्यात नाक खुपसलेलं त्यांना आवडत नाही. "डॉक्टरांनी तारीख दिलीय ना? तारीख ठरलेल्या मयताची तयारी अगोदर करणं याला व्यवस्था म्हणतात. मयताला तारीख नसते म्हणून आपली नेहमी धावपळ होते. शनिवारी करू."

आमच्याकडे शनिवार म्हणजे दुखवटाच. काळे-लाल कपडे घालून निघायचं आणि जिथे मंडप दिसेल तिथे बसायचं. शनिवारी घरी सापडणाऱ्या माणसाबद्दल शेजारी चौकशी करतात, याला कुणी ओळखत नाही का म्हणून. बैठकीचा प्राण म्हणजे लाउडस्पीकर. कुणी काय आहेर केला ते नावानिशी मोठ्याने पुकारतात, आणि ते ऐकून पुढचा माणूस खिशातला हात आणखी खोल घालतो. नानांनी एकच फरक केला. या दुखवट्यात पैसे घ्यायचे नाहीत. आहेर फक्त रक्ताचा.

शुक्रवारी सकाळी सुआमेच्या प्रत्येक खांबावर पोस्टर लागलं. छापणाऱ्याने नेहमीच्या सवयीने वर "काय हा धक्का" असं टाकलं होतं. मधोमध दाजींच्या पोटाची फिल्म. खाली: उजवी किडनी, वय एकसष्ट वर्षे, अल्पशा आजारानंतर बुधवारी निघत आहे. मुख्य शोककर्ती: डावी किडनी, जुळी बहीण. मागे परिवार: यकृत, दोन फुप्फुसं, जठर आणि दार्को मास्तर. पोस्टरसमोर दोन म्हाताऱ्या थांबलेल्या मी पाहिल्या. एक म्हणाली, "दिसायला आईवर गेली होती." दुसरी म्हणाली, "चांगली माणसंच लवकर जातात."

शनिवारी गॅरेजसमोरच्या मैदानात पाचशे खुर्च्या भरल्या आणि लोक जुन्या टायरांवर बसायला लागले. एका बाजूला ढोल. एका बाजूला इस्पितळाच्या रक्तपेढीची गाडी, चार खाटा, तीन सिस्टर आणि एक घाबरलेले साहेब. मध्ये दाजी, काळ्या-लाल वस्त्रात, आपल्याच अवयवाच्या शोकात, येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवत. "फार वाईट झालं, मास्तर." "हो ना. जन्मापासून बरोबर होती."

पहिली पंधरा मिनिटं कुणी खाटेकडे फिरकलं नाही. लोकांनी पोस्टर नीट वाचलं नव्हतं. ते नोटा घेऊन टेबलापाशी जात होते आणि नाना त्या परत करत होते. कुमासीच्या इतिहासात दुखवट्यात पैसे परत मिळालेले पाहून एक बाई खरंच रडली.

मग पोकुआ उठली, बाही वर केली आणि खाटेवर जाऊन पडली. स्पीकरवाला पुकारण्यात मुरलेला होता. त्याने घसा साफ केला.

"दार्को मास्तरांच्या पत्नी, पोकुआबाई. एक पिशवी. पूर्ण भरलेली."

टाळ्या झाल्या. मर्सिडीज गल्लीचे एक मास्तर अवघडून उठले. बायको त्यांच्याकडे बघत होती. "मर्सिडीज गल्लीकडून, एक पिशवी." लगेच टायरवरून आवाज आला, "आणि जपानी गाड्यांची गल्ली काय झोपलीय का?" जपानी गल्लीतून तिघे उठले. "जपानी गल्ली, तीन." मर्सिडीज गल्लीतून पाच उठले. "मर्सिडीज, सहा. जपानी गल्लीने उत्तर द्यावं." मग जे झालं ते मी दुखवट्यात कधी पाहिलेलं नाही. लोक रांगेसाठी भांडायला लागले. एक जण माझ्या दोन घ्या म्हणून अडून बसला. साहेब म्हणाले, एका माणसाची एकच घेता येते. तो म्हणाला, मग माझ्या नावावर दोन पुकारा. ज्याचं रक्त पातळ होतं त्याचं तपासणीत इतकं उत्तम निघालं की सिस्टरने सगळ्यांना बोलावून दाखवलं. ढोलवाले आळीपाळीने रक्त द्यायला गेल्यामुळे ढोल अर्धा वाजत होता.

मी मागच्या रांगेत बसून बकरीच्या रश्श्याची वाट पाहत होतो. रक्त देण्याची मर्यादा साठ वर्षांची, आणि साठ पूर्ण व्हायला मला पाच महिने कमी पडत होते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तेवढ्यात स्पीकर म्हणाला, "सोयऱ्यांकडून, पोकुआबाईंचे थोरले बंधू. एक पिशवी." सातशे माणसं वळली. मी अजून दिलेली नव्हती. लांबून नाना माझ्याकडे अत्यंत प्रेमळपणे पाहत होते. मी गेलो, आडवा झालो, डोळे मिटले. सिस्टर म्हणाली, "काका, अजून मी हाताला कापूसच लावतेय."

दुपारी डॉक्टर सेरवा आल्या. काळ्या पोशाखात. नानांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मयताला घेऊन जाणारी व्यक्ती स्वतः हजर असलेला हा पहिलाच दुखवटा असावा. त्यांच्या हाती माइक दिला, आणि त्यांनी जे सांगायला नको होतं तेच सांगितलं.

"तुम्ही एवढे आलात म्हणून खरं सांगते. ऑपरेशन मोठं आहे. अशा दहा माणसांतला एखादा टेबलावरून उठत नाही. मी माझं सगळं करीन. तो एक मास्तर होणार नाहीत, असं वचन मला देता येत नाही."

ढोल थांबला. मैदानात एखादा पाना पडला असता तरी ऐकू आला असता. पोकुआने मान खाली घातली. दाजी उठले आणि त्यांनी डॉक्टरांकडून माइक घेतला.

"मी गिऱ्हाइकाला चाळीस वर्षं सांगत आलो, गाडी शंभर टक्के होईल," ते म्हणाले. "मला ते कधीच माहीत नसायचं. या बाई नव्वद म्हणतात. मी त्यांच्याकडे गाडी टाकतो."

संध्याकाळपर्यंत एकेचाळीस पिशव्या झाल्या. त्याहून जास्त होऊ शकल्या नाहीत, कारण रिकाम्या पिशव्या संपल्या. रांगेत राहिलेले लोक अपमान झाल्यासारखे घरी गेले.

बुधवारी सकाळी सातला दाजींना आत नेलं. बाहेरच्या बाकावर आम्ही तिघे: पोकुआ, मी आणि नाना. साडेअकराला एक सिस्टर दार किलकिलं करून म्हणाली, "आता हृदय थांबवलंय. शेपूट काढतायत." आणि दार लागलं.

नाना उभे राहिले. आमच्याकडे मृत्यूपुढे खांद्यावरचं वस्त्र उतरवतात, आणि कुळात सगळ्यांत आधी ते नानांनी उतरवायचं असतं. "थांबलंय म्हणजे," ते हळूच मला म्हणाले, "मी काय समजायचं?"

"मला काय माहीत, नाना."

"थांबलं तर थांबलं असतं. पण ती म्हणाली, थांबवलंय."

त्यांनी वस्त्र खांद्यावरून घसरवलं आणि कोपरापाशी धरून ठेवलं. पूर्ण उतरवलं असतं तर दाजी गेले असं झालं असतं. खांद्यावर ठेवलं असतं आणि दाजी गेले असते तर नानांच्या हातून रीत मोडली असती. ऐंशीच्या पुढचा तो माणूस एक हात वाकवून, अर्धा उघडा, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला. पोकुआ घड्याळाकडे बघत नव्हती. ती नानांच्या कोपराकडे बघत होती. तेविसाव्या मिनिटाला दार पुन्हा किलकिलं झालं. "चालू झालं," सिस्टर म्हणाली. नानांनी वस्त्र खांद्यावर नीट घेतलं, बाकावर बसले आणि लहान मुलासारखे मुसमुसून रडायला लागले. पोकुआने त्यांना आपला रुमाल दिला. तिला स्वतःला तो लागला नाही, ती हसत होती.

दुपारी चारला डॉक्टर बाहेर आल्या. शेपूट अखंड निघालं होतं, वीतभर, कुठेही न तुटता.

"फार छान," नाना म्हणाले. "आता मयत आमच्या ताब्यात कधी देता?"

"किडनी? ती तपासणीला जाईल. कापून बघावी लागते."

"शवविच्छेदन," नाना मला समजावून म्हणाले. "ते चालतं."

शुक्रवारी सकाळी दाजींच्या घशातली नळी काढली आणि आम्हाला आत सोडलं. एका वेळी दोनच माणसं, असा नियम दारावर होता. नानांनी तो वाचला आणि ते तिसरे आत आले. दाजी डोळे मिटून पडले होते. नाना खाटेला खेटून उभे राहिले आणि त्यांनी कुळाच्या वतीने बोलायला सुरुवात केली. पूर्वजांपासून. बऱ्याच वेळाने डॉक्टर सेरवा आल्या तेव्हा नाना दाजींच्या आजीपर्यंत पोचले होते.

डॉक्टरांनी दाजींची नाडी पाहिली, टाके पाहिले, खूश झाल्या. मग खाटेला अडकवलेल्या लघवीच्या पिशवीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"सिस्टर, हे गेल्या तासाभरात काहीच नाही?"

"सकाळपर्यंत छान होती, मॅडम. एकदम थांबलीय."

डॉक्टर आमच्याकडे वळल्या. "ऑपरेशनमध्ये डाव्या किडनीचाही रक्तपुरवठा काही वेळ बंद होता. ती दमून बसली असेल तर आज डायलिसिस करावं लागेल. आणि ती मुळीच चालू झाली नाही तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

पोकुआने खाटेचा दांडा धरला. इतकं सगळं करून, मला वाटलं, आता हे. नानांनी दीर्घ श्वास घेतला, काठी टेकवली, देह सरळ केला आणि खर्ज लावला.

"दार्को. हे सगळं कुळ तुझ्या पाठीशी उभं आहे. मर्सिडीज गल्ली उभी आहे. जपानी गल्ली उभी आहे. एकेचाळीस घरांचं रक्त तुझ्याबरोबर आहे. बोल, बाळा. तुझ्या मनात काय असेल ते आमच्याजवळ बोल."

दाजींनी डोळे उघडले. ओठ हलले, पण आवाज निघेना. आम्ही चौघे वाकलो. पोकुआने त्यांचा हात आपल्या गालाला लावला. दाजींनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा खाली, खाटेच्या कडेला.

"नाना," ते म्हणाले, "जरा पाय उचला. माझ्या नळीवर उभे आहात."